बेकर स्ट्रीटचे बंद दार



या व्यासपीठावर अर्थकारणापासून अध्यात्मापर्यंतचे विषय येऊन जातात. त्या पंक्तीत एका विलायती गुन्हेकथेच्या दूरचित्रवाणी मालिकेचे पान मांडलेले पाहून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, लाखो माणसे आपली संध्याकाळ ज्या कथेला देतात, ती कथा क्षुल्लक समजून सोडून देणे बरे नव्हे. माणूस कशाने रमतो, कशाने चिडतो आणि कोणत्या क्षणी कथाकाराला ‘आता पुरे’ म्हणतो, यावरून त्या माणसाची पारख होते आणि कथाकाराचीही. म्हणून आज आम्ही ‘शेरलॉक’ या बी. बी. सी.च्या मालिकेचा, आणि विशेषतः २०१७ सालच्या तिच्या चौथ्या पर्वाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहोत. त्यानंतर या मालिकेचे नवे पर्व आलेले नाही. तेव्हा चौथे पर्व हाच तिचा आजवरचा शेवटचा शब्द आहे.

प्रारंभीच एक खुलासा करतो. आम्ही या मालिकेचे निंदक नव्हे, चाहते आहोत. निंदकाला वाईट निघाले की आनंद होतो. चाहत्याला वाईट निघाले की रात्री झोप येत नाही. आमची तक्रार दुसऱ्या प्रकारची आहे. आणखी एक सूचना. ज्यांनी हे पर्व अजून पाहिलेले नाही, त्यांचा रहस्यभंग आज आमच्याकडून होणार आहे. शवविच्छेदन करायचे तर शव झाकून ठेवून चालत नाही.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ साली ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या कादंबरीत शेरलॉक होम्सला जन्म दिला. पुढे चाळीस वर्षांत चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, अशा साठ कृतींतून हा गुप्तहेर जगभर पोचला. आपल्याकडेही तो परका राहिला नाही. भालबा केळकरांसारख्या लेखकांनी त्याला मराठीत आणले, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथांवर पोसलेल्या आपल्या वाचकाला त्याच्याशी ओळख करून घेणे मुळीच जड गेले नाही.

होम्सच्या चाहत्यांची निराशा ही काही आजची गोष्ट नव्हे. १८९३ सालच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात ‘द फायनल प्रॉब्लेम’ ही कथा आली आणि डॉयलसाहेबांनी आपल्या नायकाला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकलून दिले. वाचक हळहळले, रागावले, मासिकाला त्यांनी पत्रे लिहिली. १९०१ साली ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ आली, पण ती त्या अपघातापूर्वीची हकीकत म्हणून. खरा पुनर्जन्म व्हायला १९०३ साल उजाडावे लागले. तेव्हाचा वाचक निराश झाला तो गोष्ट थांबली म्हणून. २०१७ चा प्रेक्षक निराश झाला तो गोष्ट पुढे कशी गेली ते पाहून. हा भेद ध्यानात ठेवावा.

आता मालिकेकडे वळू. स्टीव्हन मोफॅट आणि मार्क गेटिस हे दोन लेखक, दोघेही होम्सकथांचे कट्टर वाचक. त्यांनी ठरवले की होम्सला घोडागाडीतून उतरवून आजच्या लंडनमध्ये, भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्या जगात आणायचे. २५ जुलै २०१० रोजी पहिला भाग प्रक्षेपित झाला. एका पर्वात तीनच भाग आणि एक भाग सुमारे दीड तासाचा, म्हणजे प्रत्येक भाग जवळजवळ एका चित्रपटाएवढा. बेनेडिक्ट कंबरबॅच शेरलॉक झाले आणि मार्टिन फ्रीमन डॉक्टर जॉन वॉटसन. दुसरे पर्व २०१२ च्या जानेवारीत, तिसरे २०१४ च्या जानेवारीत, मध्ये २०१६ च्या पहिल्या दिवशी एक विशेष भाग, आणि चौथे पर्व २०१७ च्या जानेवारीत. साडेसहा वर्षांत एकूण तेरा भाग झाले. तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागाने २०१४ साली एमी पारितोषिके मिळवली, दोन्ही नटांना आणि लेखकालाही.

ही मालिका आम्हाला का आवडली, हे सांगितल्याशिवाय ती पुढे का आवडेनाशी झाली हे सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ कथेशी असलेले तिचे नाते. डॉयलचा वॉटसन अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी होऊन लंडनला परत येतो. ते युद्ध १८८० च्या सुमाराचे. १३० वर्षांनी कथा आजच्या काळात आणायला निघालेल्या लेखकांना वॉटसनच्या जखमेचा पत्ता बदलावाच लागला नाही! इंग्रज सैनिक पुन्हा अफगाणिस्तानातच लढत होता. या एका योगायोगात केवढा इतिहास भरला आहे, आणि लेखकांनी त्यावर भाष्य न करता तो तसाच राहू दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे तर्काची गंमत. पहिल्याच भागात शेरलॉक वॉटसनच्या हातातला फोन पाहतो. विद्युतभरणाच्या छिद्राभोवती ओरखडे आहेत, म्हणजे पूर्वीच्या मालकाचे हात रात्री थरथरत, म्हणजे तो दारू पितो. पाठीवर हॅरी वॉटसन हे नाव कोरलेले आहे, म्हणजे हा भाऊ. सारे अनुमान बिनचूक, फक्त हॅरी हा भाऊ नसून बहीण निघते! डॉयलने ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हाच खेळ खिशातल्या घड्याळावर केला होता. घड्याळाच्या जागी फोन आला, पण खेळाचे नियम तेच राहिले. ओरखडे आपल्यालाही दिसतात. ते दिसून आपल्याला उमगत नाहीत, त्याला उमगतात. इथे प्रेक्षकाचा अपमान होत नाही, उलट पुढच्या वेळी आपणही नीट पाहू, असा हुरूप त्याला येतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मैत्री. एक बुद्धिमान पण माणूसघाणा, दुसरा साधा पण माणसांत राहिलेला. पहिल्याने दुसऱ्याला थरार दिला, दुसऱ्याने पहिल्याला माणुसकी दिली. खालच्या मजल्यावर मिसेस हडसन, पोलीस ठाण्यात लेस्ट्रेड, शवागारात मॉली हूपर, असे एक लहानसे बिऱ्हाडच तिथे जमले होते.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस शेरलॉक बार्ट्स रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी घेतो, आणि तरी शेवटच्या दृश्यात जिवंत दिसतो. तो वाचला कसा? हे कोडे सोडवण्यात लोकांनी दोन वर्षे घालवली. कुणी कचऱ्याच्या गाडीचा आधार घेतला, कुणी दुसऱ्या प्रेताचा. २०१४ साली उत्तराची वेळ आली, तेव्हा लेखकांनी तीन उत्तरे पुढे ठेवली. पहिली दोन थट्टेची होती. तिसरे शेरलॉकच्या तोंडचे. पण ऐकणाऱ्या अँडरसनलाही ते पटले नाही, आणि कथेने ते पटवण्याचा आग्रहही धरला नाही. आम्ही तेव्हा हसलो. परंतु कोडे घालणाऱ्याने उत्तराची वेळ आली की डोळा मिचकावावा, ही सवय चांगली नव्हती. भिंतीला पहिली चीर पडली ती तिथे.

आता चौथ्या पर्वाची चिकित्सा करू.

पहिला भाग ‘द सिक्स थॅचर्स’. याचा आरंभ फार चांगला आहे. एका गृहस्थाचा मुलगा तिबेटमध्ये प्रवासाला गेलेला आहे. बापाच्या वाढदिवशी तो पडद्यावरून त्याच्याशी बोलतो. आठवड्याने घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीवर दुसरी गाडी येऊन आदळते, आग लागते, आणि त्या रिकाम्या मोटारीत याच मुलाचे प्रेत सापडते. तिबेटमधला मुलगा घरासमोरच्या मोटारीत कसा? उत्तर असे की, बापाला चकित करण्यासाठी मुलगा मोटारीच्या आसनाचे आवरण अंगावर घेऊन आत लपला होता, आणि तिथेच फेफरे येऊन गेला. आठवडाभर तो आसन बनून तिथे बसून होता, आणि कुणाच्या लक्षात आले नाही. कोडे आहे, करुणा आहे, आणि उत्तर कळल्यावर कपाळावर हात मारावा अशी सोपी युक्तीही आहे. पण हे सारे काही मिनिटांत उरकून टाकले जाते! यजमानाने श्रीखंडाची वाटी नाकाखालून फिरवून परत न्यावी, तसा हा प्रकार झाला.

कारण लेखकांना पुढे जायची घाई असते. मूळ कथेत, १९०४ सालच्या ‘द सिक्स नेपोलियन्स’मध्ये, नेपोलियनचे पुतळे फोडणारा माणूस एका पुतळ्यात दडवलेला काळा मोती शोधत असतो. मालिकेत मार्गारेट थॅचरबाईंचे पुतळे फुटतात आणि शेरलॉक मोती निघेल या खात्रीत असतो, पण निघते संगणकाची स्मृतिकांडी. इथवर गंमत आहे. पण त्या कांडीतून वॉटसनच्या पत्नीचा, मेरीचा, भाडोत्री मारेकऱ्याचा भूतकाळ बाहेर पडतो, आणि गुप्तहेराची कथा तिथून हेरगिरीची कथा होते. तिबिलिसी, मोरोक्को, बंदुका, पाठलाग. आणि अखेरीस लंडनच्या मत्स्यालयात शेरलॉकवर झाडलेली गोळी मेरी आपल्या अंगावर घेते. गोळी झाडणाऱ्या बाईचे आडनाव नॉर्बरी. डॉयलच्या ‘द यलो फेस’ या कथेत होम्सचा अंदाज साफ चुकतो. तेव्हा तो वॉटसनला सांगतो की पुढे कधी मला गर्व चढला तर कानात ‘नॉर्बरी’ एवढे म्हण. मुळात हे एका गावाचे नाव आहे, आणि त्यात चुकलेल्या माणसाचा विनय आहे. मालिकेने विनयाचा तो शब्द घेतला आणि त्याची किंमत म्हणून एका स्त्रीचा जीव घेतला. सूचकतेकडून भडकपणाकडे झालेला हा प्रवास पुढे वाढतच जातो.

दुसरा भाग ‘द लाइंग डिटेक्टिव्ह’. या पर्वातला हा सर्वांत बरा भाग, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. टोबी जोन्स यांनी रंगवलेला कल्व्हर्टन स्मिथ हा दानशूर, लोकप्रिय, रुग्णालयांना देणग्या देणारा गृहस्थ आहे, आणि त्याच रुग्णालयात तो माणसे मारतो. प्रतिष्ठेच्या आड दडलेला दुष्टपणा या नटाने असा दाखवला आहे की अंगावर काटा येतो. वॉटसनच्या जुन्या काठीत ध्वनिमुद्रक दडवण्याची युक्तीही न्यायाची आहे. काठी आपण पाहिलेली असते. आणखी एका गोष्टीचे श्रेय दिले पाहिजे. बसमध्ये वॉटसनला भेटणारी तरुणी, शेरलॉककडे मध्यरात्री आलेली अशील आणि वॉटसनची मानसोपचारतज्ज्ञ या तिन्ही बायका एकच आहेत, आणि शान ब्रुक या नटीने त्या आपल्या डोळ्यांदेखत वठवल्या आहेत. बहुतेकांनी ते ओळखले नाही! याला म्हणतात फसवणूक. सारे समोर ठेवून केलेली, म्हणून गोड.

आणि मग येतो तिसरा भाग, ‘द फायनल प्रॉब्लेम’. शेरलॉकला युरस नावाची बहीण आहे, जिचा त्याला विसर पडला आहे. ती जगातल्या साऱ्या बुद्धिमंतांहून बुद्धिमान. कुणाशीही चार शब्द बोलली की तो माणूस तिचा गुलाम होतो. एका बेटावरच्या तुरुंगात ती कोंडलेली आहे, पण तुरुंगच तिच्या मुठीत आहे. शेरलॉक, वॉटसन आणि मायक्रॉफ्ट तिथे जातात, आणि ती त्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत एकामागून एक क्रूर परीक्षा घेते.

या भागात गुप्तहेराने गुन्हा शोधला असे फारसे घडतच नाही. तो परीक्षा देतो, आणि परीक्षक प्रश्नपत्रिका दर घटकेला बदलतो. घरात बाँब फुटतो, ही मंडळी खिडकीतून उड्या घेतात, आणि पुढच्याच दृश्यात धडधाकट हिंडतात. वॉटसनच्या पायात साखळी अडकवून त्याला विहिरीत टाकलेले असते. वरून दोर येतो, तो वर निघतो, साखळी कुठे गेली ते कुणी सांगत नाही. पण आमच्या मते सर्वांत मोठा घात युरसच्या कोठडीत होतो. बहीणभाऊ समोरासमोर उभे आहेत, मध्ये काच आहे असे आपण समजतो. मग कळते की काच नाहीच, आणि शेरलॉकच्या ते ध्यानात आलेले नाही. फोनवरच्या ओरखड्यांवरून माणसाचे व्यसन ओळखणाऱ्याला हातभर अंतरावरची काच नसलेली दिसू नये! शेरलॉकची बुद्धी हीच या मालिकेची ठेव, आणि लेखकांनी एका धक्क्यासाठी ती मोडून खाल्ली.

आता कुणी विचारील की, तुमचा हा मापदंड आला कुठून? तो आमच्या पदरचा नाही. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, अशा कथांसाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभी कुठेतरी भेटलेला असावा. अलौकिक शक्ती वर्ज्य. आजवर कुणाला ठाऊक नसलेले विष वापरू नये. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, आणि अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स यांच्यासारख्या लेखिकाही त्यात होत्या. या नियमांच्या कसाला चौथे पर्व लावून पाहा. युरसची बोलून गुलाम करण्याची शक्ती अलौकिक नाही तर काय? दुसऱ्या भागातले, माणसाच्या स्मृतीतून नेमके नको तेवढे पुसून टाकणारे औषध कोणत्या दुकानात मिळते? डॉयलने स्वतः हे नियम नेहमी पाळले असे नाही. ते त्याच्यानंतर झाले, आणि धागे लपवण्यात तोही पटाईत होता. पण त्याचे जग आपल्याच जगाच्या नियमांनी चाले.

उदाहरण घेऊ. युरसच्या भागात मस्ग्रेव्ह हे घराण्याच्या वाड्याचे नाव येते. ते १८९३ च्या ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या कथेतले. त्या कथेत एल्म वृक्षाच्या सावलीवरून जागा शोधायची असते, पण वृक्षच उरलेला नसतो. वाड्याच्या मालकाला मात्र त्याची उंची ठाऊक असते, कारण लहानपणी शिक्षकाने त्याच्याकडून त्रिकोणमितीची उदाहरणे करून घेतलेली असतात! उंची चौसष्ट फूट. होम्स सहा फुटांची काठी उभी करतो, तिची सावली नऊ फूट पडते. मग चौसष्ट फुटांच्या वृक्षाची सावली किती? शहाण्णव फूट. हे त्रैराशिक आपला सातवीतला मुलगासुद्धा मांडील, आणि होम्सच्या शेजारी उभा राहील. मालिकेतही थडगी आहेत, त्यांवर चुकीची सालेे आहेत, एक गाणे आहे आणि त्यातून निघणारा सांकेतिक निरोप आहे; पण कागद-पेन्सिल हातात घेण्याची उसंत प्रेक्षकाला कुणी देत नाही. उत्तर विजेसारखे चमकते आणि आपण टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते.

येथवर झाली ती कारागिरीची चर्चा. पण केवळ कारागिरी बिघडली म्हणून आम्ही आपला तासभर घेतला नसता. आमचे खरे दुःख निराळे आहे.

होम्सच्या साठ कृतींमध्ये २२१-बी, बेकर स्ट्रीटचे दार कोण कोण ठोठावतो ते पाहा. एखादा राजा येतो, हे खरे. पण गहाणवटीचे दुकान चालवणारा लाल केसांचा जाबेझ विल्सन येतो. टंकलेखन करून पोट भरणारी मेरी सदरलँड येते. मुलांना शिकवून चरितार्थ चालवणारी व्हायोलेट हंटर येते. रस्त्यात सापडलेली टोपी आणि हंस घेऊन पीटरसन येतो. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये हेलन स्टोनर पहाटे येते, थरथरत असते. होम्स शेकोटी पेटली आहे म्हणतो, तर ती सांगते की हा थरकाप थंडीचा नाही, भीतीचा आहे. होम्स तिच्या हातमोज्यातले परतीचे तिकीट पाहतो, बाहीवरचे चिखलाचे शिंतोडे पाहतो आणि तिचा प्रवास तिला सांगतो. त्या क्षणी त्या बाईला धीर येतो. आपल्याकडे कुणीतरी नीट पाहिले, एवढ्यानेच तिचे अर्धे भय गेले.

गुप्तहेराच्या कथेचे मर्म आमच्या मते इथे आहे. पोलिसांनी वाटेला लावलेल्या, घरच्यांनी वेड्यात काढलेल्या साध्या माणसाचे गाऱ्हाणे कुणीतरी बुद्धी पणाला लावून ऐकेल, हा तो विश्वास. शंभरावर वर्षे माणसे या कथा वाचतात ती प्रेतांसाठी नव्हे, या विश्वासासाठी वाचतात.

चौथ्या पर्वात हे दार बंद झाले. गुन्हा बाहेरून येत नाही, घरातूनच उगवतो. पत्नी पूर्वाश्रमीची मारेकरी, बहीण महाराक्षसी, भाऊ गुपिते राखणारा. सारे जग होम्स घराण्याभोवती फिरते. बाहेरच्या माणसाचे काम उरते ते मरण्यापुरते. बेटावरच्या तुरुंगाचा अधिकारी आपली पत्नी वाचावी म्हणून स्वतःवर गोळी झाडतो; युरस तिलाही मारते. तीन भाऊ दोराला टांगलेले, त्यांतला अपराधी कोण ते शेरलॉकने ओळखायचे. तो अचूक ओळखतो, आणि तरी तिघेही समुद्रात जातात. शेरलॉकचा बालपणीचा सवंगडी व्हिक्टर ट्रेव्हर, ज्याला तो आपला कुत्रा म्हणून आठवत होता, त्याला युरसने विहिरीत टाकून मारलेले असते. त्या मुलाच्या आईबापांचे काय झाले? पुढे कथा त्यांचे नाव घेत नाही. शेवटी भाऊ बहिणीच्या कोठडीपुढे व्हायोलिन वाजवतो, आईबाप गहिवरतात. आम्हालाही गहिवर आला असता. पण ते तीन भाऊ अजून समुद्रातच होते.

मॉली हूपरचेही तेच. जिच्या घरात बाँब असल्याचे सांगून शेरलॉकला तिच्याकडून प्रेमाची कबुली वदवून घ्यायला लावले, आणि बाँब तर नव्हताच, ती मॉली शेवटी हसत दारातून आत येते. मधल्या काळात तिच्या मनावर काय गेले, यासाठी दीड तासात दोन मिनिटे निघाली नाहीत.

भावनेला आमचा विरोध नाही. डॉयलच्या १९२४ सालच्या ‘द थ्री गॅरिडेब्स’ या कथेत वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते. होम्सचा चेहरा क्षणभर बदलतो, तो चाकूने विजार फाडून जखम पाहतो, किरकोळ निघते, आणि वॉटसनला वाटते की या माणसाचे हृदय दिसले, जखम सार्थकी लागली. साठ कृतींमध्ये असे क्षण मोजके, म्हणून ते लाखमोलाचे. चौथ्या पर्वाने गॅरिडेब हे आडनाव घेतले आणि ते दोराला टांगलेल्या त्या तीन भावांना दिले! मुळातला एक थेंब त्यांना पुरेना, म्हणून त्यांनी हंडा उपडा केला.

या पर्वाचे समर्थकही आहेत, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते म्हणतात की ही मालिका गुन्ह्यांची नव्हेच, एका गुन्हेशोधकाची आहे. यंत्रासारखा माणूस शेवटी माणूस होतो, ही खरी कथा. दुसरे असे की त्याच त्या कोड्यांचा कंटाळा येतो, लेखकाने धाडस केले पाहिजे. पहिल्या म्हणण्यावर आमचे उत्तर असे की, शेरलॉक माणूस झाला याची खूण कोणती? परक्याचे दुःख त्याला कळू लागले, हीच ना? मग परकी माणसे कथेतून हद्दपार करून ही खूण दाखवणार कशी? आपल्या बहिणीला तर कुणीही मिठी मारील. दुसरे म्हणणे आम्हाला अर्धे मान्य आहे. धाडस हवे, पण गायकाने नवा राग घ्यावा, तंबोरा फोडू नये.

हे असे का झाले असावे? दोन पर्वांमध्ये दोन-दोन, तीन-तीन वर्षांचा खंड पडे. त्या काळात दोन्ही नट मोठ्या चित्रपटांत गाजले, प्रेक्षकांची अपेक्षा फुगत गेली, आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा मोठा धक्का देणे भाग पडले. धक्क्याचे व्यसन दारूसारखे आहे; कालचे माप आज पुरत नाही. प्रक्षेपणाच्या रात्रीच्या मोजणीप्रमाणे ब्रिटनमध्ये या पर्वाचा पहिला भाग सुमारे ८१ लाख लोकांनी पाहिला आणि तिसरा सुमारे ५९ लाखांनी. दोन आठवड्यांत वीस लाखांहून अधिक माणसे उठून गेली. आकड्यांवरून कलेचे मोल ठरत नाही, हे आम्ही जाणतो. पण कीर्तनाला बसलेली मंडळी उत्तररंगात उठू लागली, तर बुवांनी एकदा मागे वळून पाहावे, एवढे म्हणण्याचा अधिकार श्रोत्याला आहे.

तो अधिकार वापरावा, म्हणूनच आजचा हा खटाटोप. आवडत्या कलावंताचे सारे गोड मानून घेणे हे प्रेम नव्हे; आणि एक पर्व फसले म्हणून आधीचा आनंद खोटा ठरवणे हेही शहाणपण नव्हे. पहिल्या दोन पर्वांतले भाग आजही ताजे आहेत. ते जरूर पाहा. आणि त्याहीपेक्षा आमची विनंती अशी की, मूळ कथा वाचा, मराठीत वाचा, इंग्रजीत वाचा, घरातल्या मुलांना वाचून दाखवा. काठीच्या सावलीचे ते त्रैराशिक त्यांच्याकडून सोडवून घ्या. त्या पुस्तकांत बेकर स्ट्रीटचे दार अजून उघडे आहे, आणि जिन्यावर कुणातरी घाबरलेल्या माणसाची पावले वाजत आहेत.